वरातीमागून आराखडा

२२ एप्रिल १९४७ रोजी सोव्हिएत मंत्रिमंडळाने एक गुप्त ठराव केला. ओब नदी ज्या लांबलचक आखातातून उत्तर महासागराला मिळते, त्याच्या काठी कामेन्नी भूशिरापाशी मोठे सागरी बंदर बांधायचे आणि व्होर्कुता मार्गावरच्या चूम स्टेशनापासून उरल पर्वत ओलांडून तिथवर रेल्वे न्यायची, असा तो ठराव होता. काम गृहमंत्रालयाच्या कैदी-छावण्यांच्या खात्याकडे गेले आणि त्याला ‘बांधकाम क्रमांक ५०१’ असे नाव पडले. ठरावातली सर्वांत महत्त्वाची तरतूद हिशेबाच्या भाषेत लिहिलेली होती, त्यामुळे ती सहज नजरेआड होते. पाहणी, आराखडा आणि प्रत्यक्ष बांधकाम ही तिन्ही कामे एकाच वेळी चालवायची होती आणि मंजूर अंदाजपत्रकाची वाट न पाहता जो खर्च होईल तो देत जायचा होता. सहा वर्षांनी हा प्रकल्प सोडून देण्यात आला आणि आज त्याला ‘मृत रेल्वे’ म्हणतात. बहुतेक वर्णनांत थंडी, डास आणि दलदल हे त्याच्या मृत्यूचे कारण म्हणून पुढे येतात. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण ध्रुववृत्तावर पोहोचलेल्या प्रत्येक रेल्वेला त्या भोगाव्याच लागल्या आहेत. ५०१ला बुडवणारी खरी गोष्ट त्या तरतुदीत होती. तिने कामाचा क्रम उलटा केला, आणि तो उलटा आहे हे वर सांगण्याची सोय कोणत्याही पायरीवर ठेवली नाही.

रेल्वेची कल्पना वेडगळ होती असे मानणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘अॅडमिरल शेअर’ ही जर्मन युद्धनौका कारा समुद्रात शिरली, तिने ‘सिबिर्‍याकोव्ह’ ही बर्फफोडी नौका बुडवली आणि येनिसेईच्या मुखाजवळच्या डिक्सन बंदरावर तोफा डागल्या. युरोपातल्या बंदरांना सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याशी जोडणारा सागरी मार्ग किती उघडा आहे हे तेव्हा मॉस्कोला कळून चुकले. नोरिल्स्कचे निकेल त्याच प्रदेशातून बाहेर यायचे होते. युद्ध संपल्यावर शत्रू बदलला, पण धास्ती गेली नाही. शत्रूच्या नौका सहज पोहोचणार नाहीत असे, मुख्य रेल्वेजाळ्याला जोडलेले एक आतले बंदर असावे, या विचारात लष्करी तर्क होता. तेव्हा प्रश्न उद्दिष्टाचा नाही. ते गाठायचा मार्ग कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर ठरवला, हा प्रश्न आहे.

हा प्रश्न इथे इतका निर्णायक का ठरतो, ते समजायला त्या जमिनीची रीत पाहावी लागते. ओब आणि येनिसेई यांच्यामधला बराचसा प्रदेश कायम गोठलेल्या मातीचा आहे. उन्हाळ्यात वरचा पातळ थर तेवढा वितळतो. खाली पाणी झिरपायला जागा नसल्याने तो थर चिखल होऊन राहतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठताना फुगतो. वरचे शेवाळ हे त्या जमिनीचे पांघरूण. ते खरवडले, त्यावरून वाहने फिरवली किंवा उतार काढण्यासाठी जमीन खोदली, की ऊन आत शिरते आणि कित्येक शतके गोठलेले बर्फ पाघळू लागते. मग भराव एका बाजूला खचतो, मोरी तिरकी होते आणि पुलाचे लाकडी खांब दरवर्षी थोडेथोडे वर ढकलले जाऊन पुलाला कुबड येते. म्हणून इथे खोदाई टाळून भरावच घालायचा असतो, त्यासाठी वाळू-खडी दुरून आणायची असते आणि कोणत्या टेकाडाखाली बर्फाचे थर आहेत हे आधी भोके पाडून पाहायचे असते. यात भर वेळापत्रकाची. जड माल हिवाळ्यात गोठलेल्या वाटांवरून किंवा उन्हाळ्यात नदीतून हलतो आणि येनिसेईचा खालचा भाग जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच बोटींना मोकळा असतो. रूळ हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर झपाट्याने टाकता येतात, पण ते टिकतील की बुडतील हे उन्हाळ्यातच कळते. समशीतोष्ण मुलखात चुकीच्या जागी घातलेला भराव महिनाभरात दुरुस्त होतो. इथे त्या चुकीचे उत्तर पुढच्या ऋतूत मिळते आणि दुरुस्तीचे सामान त्याच्याही पुढच्या ऋतूत. अशा ठिकाणी पाहणीवर घालवलेले वर्ष हीच सर्वांत मोठी बचत असते.

ते वर्ष द्यायचे नाही असे ठरले होते. चूमपासून सोब नदीच्या खोऱ्यातून उरल ओलांडून ओबच्या काठी लाबित्नान्गीपर्यंतचा सुमारे दोनशे किलोमीटरचा मार्ग डिसेंबर १९४८ मध्ये पोहोचला. हे काम नेटकेच झाले, तो मार्ग आजही चालू आहे. पण दरम्यान आखातात खोलीची मोजमापे घेणाऱ्यांना जे दिसले त्याने सगळा बेतच मोडला. कामेन्नी भूशिरापाशी पाणी उथळ होते आणि मोठी सागरी जहाजे धक्क्याला लागणे शक्य नव्हते. बंदरासाठी हाती घेतलेली रेल्वे जमिनीवर धावू लागली आणि मग कळले की बंदरच होणार नाही! इतके झाल्यावर कोणतेही शहाणे कार्यालय काम थांबवून पुन्हा नकाशे उघडेल. इथे मात्र २९ जानेवारी १९४९च्या नव्या ठरावाने बंदर थेट येनिसेईवरच्या इगार्काला हलवले. आता ओबच्या पलीकडच्या काठावरच्या सालेखार्दपासून इगार्कापर्यंत सुमारे साडेबाराशे किलोमीटरची नवी रेल्वे हवी होती. म्हणजे आधीच्या चुकीची भरपाई सहापट मोठ्या घाईने करायची होती. पश्चिमेकडून ५०१ आणि पूर्वेकडून ५०३ अशी दोन बांधकामे एकमेकांकडे सरकू लागली आणि मधल्या पुर, ताझ यांसारख्या नद्यांचा मुलूख अजून नीट पाहूनही झालेला नव्हता.

या पद्धतीचे समर्थक त्या काळी एक मुद्दा मांडत असत आणि आजही कधीकधी तो ऐकू येतो, की कैद्यांचे श्रम फुकट असल्यामुळे घाई परवडणारी होती. इथे हिशेब नेमका उलटा आहे. रस्ता नसलेल्या प्रदेशात माणूस हा सर्वांत महाग माल असतो, कारण त्याची रोजची भाकरी, सरपण, फेल्टचे बूट आणि झोपायचा तंबू हे सगळे तो जी रेल्वे बांधतो आहे तिच्याच टोकाशी किंवा नदीमार्गे आणावे लागते. मुक्त मजुरामागे एवढेच ओझे असते. कैद्यामागे कुंपणाची तार, टेहळणीचे मनोरे, पहारेकरी, त्यांचे कुत्रे, दप्तर सांभाळणारे कारकून आणि या सगळ्यांचे शिधे येतात. मार्गावर पाच-दहा किलोमीटरवर एक छावणी बसवलेली होती आणि प्रत्येकीत शेकडो माणसे होती. ऐन भरात या दोन्ही बांधकामांवर किती कैदी होते याचे अंदाज ऐंशी हजारांपासून लाखापर्यंत जातात. ज्या येनिसेईवर वर्षाचे चार महिने माल चालतो, तिच्या काठी येर्माकोव्हो हे ५०३चे मुख्यालय काही वर्षांत हजारो वस्तीचे गाव झाले, आणि त्याच्या पोटासाठी येणाऱ्या प्रत्येक बार्जवर तेवढ्या वजनाचे रूळ येऊ शकले नाहीत. रुळांचा तुटवडा तर असा होता की युद्धात उद्ध्वस्त झालेल्या मार्गांवरचे तुकडे गोळा करून, कापून-जोडून वापरले गेले. झारच्या काळातल्या कारखान्यांचे शिक्के असलेले रूळ आजही त्या जंगलात सापडतात. माणसे मुबलक आणि पोलाद दुर्मीळ अशी ही उफराटी स्थिती थंडीने आणलेली नव्हती. आखणी करणाऱ्यांनी माणसांच्या किमतीच्या रकान्यात शून्य मांडले होते, त्याचा हा परिणाम.

वाचकाला वाटेल की हे सगळे आजच्या ज्ञानाच्या बळावर बोलणे आहे, गोठलेल्या जमिनीचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत असेल. तसे नव्हते. मिखाईल सुमगिन यांचा सोव्हिएत भूमीतल्या कायम गोठलेल्या जमिनीवरचा ग्रंथ १९२७ सालीच प्रसिद्ध झाला होता. विज्ञान अकादमीची या विषयाला वाहिलेली संस्था दुसऱ्या महायुद्धाआधीच उभी राहिली होती आणि तिचे एक संशोधन केंद्र १९३०च्या दशकापासून खुद्द इगार्कात होते, म्हणजे रेल्वेच्या ठरलेल्या शेवटच्या स्टेशनावरच! जमिनीचे तज्ज्ञ होते, आणि मार्ग शोधणारेही कुशल होते. पाहणी-पथकांचे प्रमुख प्योत्र तातारिन्त्सेव्ह यांनी विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा वापर करून अवाढव्य प्रदेश थोड्या वेळात पालथा घातला. ५०१चे प्रमुख वसिली बाराबानोव्ह हेही नुसते दरडावणारे अधिकारी नव्हते. ठरलेल्यापेक्षा जास्त काम करणाऱ्या कैद्याच्या शिक्षेतले जास्त दिवस वजा करायचे, ही सवलत त्यांच्या बांधकामावर जोरात राबवली गेली, कारण शिधा कापण्याच्या धाकापेक्षा लवकर सुटण्याची आशा अधिक रूळ टाकते हे त्यांना उमगले होते. थोडक्यात, मैदानावर अक्कल होती, पण तिला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार नव्हता. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे मॉस्कोतून ठराव सुटत होते. पाहणीवाल्याचे काम मार्ग कुठून न्यावा एवढे सांगण्याचे होते, न्यावा की नाही हा प्रश्न त्याच्या कार्यकक्षेतच येत नव्हता. आणि जो अधिकारी तो प्रश्न विचारील, त्याला छावणीच्या कुंपणाची दुसरी बाजू किती जवळ आहे हे रोज दिसत होते.

याच्या उलट उदाहरण अर्धशतक आधीचे आहे आणि तेही ध्रुववृत्ताच्या उत्तरेचे. स्वीडनच्या लॅपलँडमधले लोहखनिज नॉर्वेच्या बर्फमुक्त फियोर्डपर्यंत आणायचा पहिला प्रयत्न १८८०च्या दशकात एका इंग्रज कंपनीने केला. लुलेओ बंदरापासून मालम्बेरियेटच्या खाणीपर्यंत तिची गाडी १८८८ मध्ये पोहोचली आणि पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे वाजले. नॉर्वेच्या बाजूला सुरू केलेले काम अर्धवट राहिले. पण हे दिवाळे म्हणजे एक प्रकारचा निरोपच होता. पैसे संपले, धनकोंनी हात वर केले आणि काम थांबले. स्वीडनच्या सरकारने १८९१ मध्ये तयार मार्ग ताब्यात घेतला. पुढे किरुनाचे खनिज, खाणकंपनीची माल पुरवण्याची तयारी आणि दोन्ही देशांच्या संसदांतली वादावादी या सगळ्यांतून जाऊन १८९८ मध्ये दोन्हीकडे मंजुरी मिळाली. नॉर्वेच्या बाजूचा मार्ग जेमतेम ४३ किलोमीटरचा, पण उभ्या कड्यांतून जाणारा. रुळांच्या आधी फियोर्डच्या टोकापासून डोंगरावर सामान नेणारा रस्ता बांधला गेला आणि त्या टोकाला हिवाळ्यातही जहाजे येऊ शकत होती. मजूर गावोगाव फिरणारे रोजंदारीवाले होते, टोळीने मक्त्यावर काम घेत आणि पटले नाही तर चालते होत. या ‘चालते होण्या’तच व्यवस्थापनाला लागणारी बातमी होती. ज्या टप्प्यावर मजूर टिकत नाहीत, तिथे दर, तंबू किंवा आखणी यांपैकी काहीतरी चुकले आहे हे ठेकेदाराला आपोआप कळते. १९०२ मध्ये गाड्या नॉर्वेतल्या नार्विक बंदरापर्यंत धावू लागल्या आणि १४ जुलै १९०३ रोजी राजा ऑस्कर दुसरा याने मार्गाचे औपचारिक उद्‌घाटन केले. आजही किरुनाचे खनिज त्याच मार्गाने समुद्राला जाते.

यावर एक नेमका आक्षेप घेता येतो. संसद आणि बाजारपेठ असलेल्या देशांतही हीच चूक झाली आहे, आणि ती कामेन्नी भूशिराची जुळी बहीण शोभावी अशी आहे. कॅनडाने हडसन उपसागरापर्यंत रेल्वे नेताना शेवटचे स्टेशन म्हणून पोर्ट नेल्सन निवडले. तिथली खाडी गाळाने उथळ होती, म्हणून भर पाण्यात कृत्रिम बेट उभारून त्याच्याकडे लांब पूल नेण्यात आला, लाखो डॉलर घालण्यात आले, आणि पहिल्या महायुद्धात काम बंद पडले. म्हणजे इथेही आधी बांधकाम आणि मग समुद्राची पाहणी! पण पुढचे पाऊल पाहा. १९२७ मध्ये सरकारने फ्रेडरिक पामर या ब्रिटिश बंदर-अभियंत्याला बोलावले. पोर्ट नेल्सनशी त्याचा काडीचाही हितसंबंध नव्हता. त्याने सांगितले की बंदर चर्चिलला हवे. सरकारने पोर्ट नेल्सनमध्ये बुडालेला पैसा सोडून दिला, रुळांचा रोख उत्तरेकडे वळवला आणि मार्च १९२९ मध्ये रूळ चर्चिलला पोहोचले. शेवटचा टप्पा गोठलेल्या जमिनीवर भर हिवाळ्यात टाकला आणि खडी उन्हाळ्यात भरली. म्हणजे ५०१वर ज्याला दोष दिला जातो ते तंत्रच इथे चालून गेले, कारण जायचे कुठे हे आता पक्के होते. चुका दोन्ही राजवटींनी केल्या, हे कबूल. फरक इतकाच की एकीकडे चूक झाल्यावर परक्या माणसाचे ऐकून घेतले गेले आणि दुसरीकडे तीच चूक अधिक लांबीची करण्यात आली.

याहून अवघड आक्षेप मुरमान्स्क आणि व्होर्कुता यांचा आहे. पहिल्या महायुद्धात रशियाला बर्फमुक्त बंदराची निकड भासली तेव्हा पेत्रोझावोद्स्कपासून कोला उपसागरापर्यंत हजार किलोमीटरहून लांब मार्ग १९१५-१६ या दोन वर्षांत टाकला गेला. कोमी प्रदेशातून व्होर्कुताच्या कोळशापर्यंत जाणारी अकराशे किलोमीटरहून लांब रेल्वे १९३७ मध्ये ठरली आणि डिसेंबर १९४१च्या अखेरीस पोहोचली. पहिलीवर युद्धकैदी मोठ्या संख्येने राबले, दुसरी छावण्यांतल्या कैद्यांनी बांधली. दोन्ही घाईत झाल्या आणि दोन्ही कामी आल्या. व्होर्कुताचा कोळसा वेढ्याने पिचलेल्या लेनिनग्राडला पोहोचला, हे कोण नाकारील? मग घाई आणि सक्ती यांनीही आर्क्टिकमध्ये रेल्वे होते असेच म्हणावे लागेल. एका मर्यादेपर्यंत म्हणावेच लागेल. पण या ‘झाली’ शब्दाच्या पोटात काय आहे तेही मोजायला हवे. मुरमान्स्कच्या मार्गावर स्कर्व्ही आणि टायफसने सुमारे पंचवीस हजार युद्धकैदी मेल्याचा अंदाज सांगितला जातो. नोव्हेंबर १९१६ मध्ये मार्ग पूर्ण झाल्याचे जाहीर झाले तेव्हा गाड्या तात्पुरत्या लाकडी पुलांवरून सरपटत होत्या आणि मार्ग पुढे बराचसा नव्याने बांधावा लागला. व्होर्कुताचीही गत तशीच, पहिली गाडी गेल्यावर कित्येक वर्षे भराव आणि पूल यांची डागडुजी चालूच होती. शिवाय दोन्ही ठिकाणी शेवटचे टोक निसर्गाने ठरवलेले होते. कोला उपसागर गोठत नाही हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते आणि कोळसा जागचा हलत नाही. उद्दिष्ट पक्के असले तर वाईट व्यवस्थापनही माणसांचे मोल देऊन तिथे पोहोचते. ५०१कडे ना पक्के टोक होते ना थांबण्याची सोय, आणि माणसांचे मोल मात्र तेवढेच द्यावे लागले.

५ मार्च १९५३ रोजी स्टालिन मेला आणि २५ मार्चला मंत्रिमंडळाने अनेक मोठी बांधकामे बंद करण्याचा ठराव केला. त्यांत चूम-सालेखार्द-इगार्का रेल्वे होती. आदल्या उन्हाळ्यात सालेखार्दहून नदीमपर्यंत कामाच्या गाड्या धावू लागल्या होत्या आणि एकूण सुमारे सातशे किलोमीटर रूळ पडले होते. तीन आठवड्यांत झालेला हा निर्णय माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे. एवढ्या लवकर एवढे मोठे काम बंद करता येते, याचा अर्थ ते निरुपयोगी आहे हे संबंधित खात्यांना आधीपासून ठाऊक होते. फक्त तसे म्हणायला एका माणसाने जगात नसणे आवश्यक होते. इथे शेवटची हरकत येते ती नियतीची. सहाच महिन्यांनी, सप्टेंबर १९५३ मध्ये, ओबच्या खोऱ्यात बेर्‍योझोव्हो इथे नैसर्गिक वायूचा पहिला मोठा झोत उसळला, १९६६ मध्ये उरेंगोयचे प्रचंड साठे सापडले आणि नदीम ते नवे उरेंगोय या भागात जुन्या मार्गाच्या काही पट्ट्यांचा पुढे वापर झाला. म्हणून काहीजण म्हणतात की ती रेल्वे चुकीची नव्हती, फक्त काळाच्या पुढे होती. हे समर्थन मला पटत नाही. वायूच्या काळात जे वापरले गेले तो एक छोटा तुकडा होता आणि तोही नव्याने बांधावा लागला. ताझच्या काठी इंजिने गंजत राहिली, येर्माकोव्हो ओस पडले. आंधळेपणाने फेकलेला एखादा दगड पुढे कुणाच्या पायरीला उपयोगी पडला, म्हणून फेकणाऱ्याचा नेम चांगला ठरत नाही.

वायूने या प्रदेशात खरोखर कशी रेल्वे बांधवली, ते लाबित्नान्गीजवळच्या ओब्स्काया स्टेशनापासून उत्तरेला यामाल द्वीपकल्पात गेलेल्या मार्गावर दिसते. बोव्हानेन्कोव्होच्या साठ्याकडे जाणाऱ्या या ५२५ किलोमीटर मार्गाचे काम १९८६ मध्ये सुरू झाले, सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते वर्षानुवर्षे रेंगाळले, मग गाझप्रोम कंपनीने ते पुढे नेले आणि २०१० मध्ये गाडी पोहोचली. गोठलेली ओली वाळू हिवाळ्यात भरावात घालून तिच्यावर उष्णतारोधक थर आणि जाड कापड पसरण्यात आले, म्हणजे उन्हाळ्यात ऊन आतपर्यंत जाऊ नये. युरिबेई नदीच्या पूरमैदानात भराव घालण्याऐवजी जवळजवळ चार किलोमीटरचा पूल बांधला गेला. तो गोठलेल्या जमिनीत खोल बसवलेल्या खांबांवर उभा आहे. यात कैदी नव्हते, पण पाव शतकाचा काळ होता, पैशांची ओढाताण होती, आणि मुळात मार्गाच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याची आधी घेतलेली खात्री होती. दरम्यान सालेखार्द आणि लाबित्नान्गी यांच्यामधली ओब अजूनही पुलाविना आहे. जुन्या मार्गाचा पश्चिम भाग नव्याने जोडण्याची ‘उत्तर अक्षांशीय मार्ग’ नावाची योजना रशियन सरकारने जाहीर केली, पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, आणि प्रत्येक वेळी त्याच नदीच्या पुलाचा खर्च हा तिच्यातला मोठा अडसर राहिला. १९४९ मध्ये ज्यांनी ती नदी हिवाळ्यात बर्फावर रूळ टाकून आणि उन्हाळ्यात फेरीबोटींवरून डबे नेऊन ओलांडली, त्यांनी तो खर्च कधी मांडलाच नव्हता.